प्रेम हे तारण, की तारणासाठी ठेवलेले तारण?



मागच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांपैकी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली होती. प्रश्न एका ओळीचा होता. ख्रिस्ती माणसाचे तारण होण्यासाठी त्याचे देवावर प्रेम असावेच लागते का, की विश्वास ठेवला, आज्ञा पाळल्या, म्हणजे पुरे? चिठ्ठी आम्ही खिशात घातली आणि म्हणालो, उत्तर पुढच्या वेळी. खरं सांगायचं तर वेळ मारून नेली. कारण हाच प्रश्न फार वर्षांपूर्वी एका माणसाने आम्हाला समोरासमोर विचारला होता, आणि तेव्हाही आम्हाला उत्तर देता आले नव्हते. त्या माणसाकडे आपण शेवटी येऊ.

आधी शब्द पाहू. मराठी ख्रिस्ती मंडळी ज्याला ‘तारण’ म्हणतात तोच शब्द आपण बँकेतही वापरतो. कर्ज हवे असेल तर दागिने तारण ठेवायचे, घर तारण ठेवायचे. म्हणजे बघा, एक तारण बुडणाऱ्याला काठाला आणते आणि दुसरे सावकाराच्या तिजोरीत जाऊन पडते. बाईंच्या प्रश्नात हे दोन्ही अर्थ नकळत एकत्र आले आहेत. देवावरचे प्रेम ही तारण मिळवण्यासाठी गहाण ठेवायची वस्तू आहे, की तारण म्हणतात ते प्रेमच आहे? हा फरक ध्यानात ठेवा. आज आम्हाला सांगायचे आहे ते एवढ्याचभोवती आहे.

या वादावर युरोपात ग्रंथांचे ढीग आहेत. आम्ही त्यांतले एकच पत्र घेणार आहोत. ब्लेझ पास्कालच्या ‘प्रोव्हिन्शियल पत्रां’तले दहावे, २ ऑगस्ट १६५६ या तारखेचे. आम्ही हे पत्र जवळजवळ तीस वर्षे वर्गात शिकवले. आज त्याची थोडी उलटतपासणी करायची आहे. पास्कालची आणि त्याच्याबरोबर आमचीही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पॅरिसजवळच्या पोर रॉयाल मठाभोवती जमलेली मंडळी संत ऑगस्टीनची कडवी अनुयायी होती. त्यांना यान्सेनवादी म्हणत. त्यांचे म्हणणे असे की माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे एक पाऊलही टाकू शकत नाही, सगळे कृपेवर आहे. त्यांचे हाडवैर जेझुइटांशी, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंशी. १६५६च्या जानेवारीत यान्सेनवादी पंडित आंत्वान आर्नो याच्यावर सोर्बोनमध्ये ठपका ठेवला जात होता, तेव्हा त्याच्या मदतीला पास्काल धावला. वय बत्तीस, कीर्ती गणितातली. त्याने नाव लपवून पत्रे छापायला सुरुवात केली. मार्च १६५७पर्यंत अठरा पत्रे निघाली. त्याच वर्षी रोमने ती निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातली, आणि लोक ती वाचतच राहिले.

पत्रांची रचना नाटकासारखी आहे. पाचव्यापासून दहाव्या पत्रापर्यंत आपला भोळा वाटणारा निवेदक एका वृद्ध जेझुइट पाद्र्याला भेटत राहतो. पाद्री बिचारा प्रेमळ. आपल्या संघातल्या विद्वानांची पुस्तके तो कौतुकाने काढून दाखवतो. बघा, आमच्या अमक्याने धर्म किती सोपा करून ठेवला आहे! हे विद्वान म्हणजे कॅझुइस्ट. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी ते एकेक प्रसंग घेऊन पाप कोणते, किती, कधी याचा निवाडा लिहून ठेवत.

दहाव्या पत्रात गाडी देवावरच्या प्रेमावर येते. देवावर प्रेम करावे ही तर पहिली आज्ञा. पण ती पाळायची कधी? पाद्री यादी वाचतो. सुआरेझ म्हणतो, मरणापूर्वी केव्हातरी केले की झाले. वास्केझच्या मते मरणाच्या घटकेला केले तरी चालेल. हुर्तादो दे मेंदोसा म्हणतो वर्षातून एकदा, कोनिंक म्हणतो तीन-चार वर्षांतून एकदा, एन्रिकेझ म्हणतो पाच वर्षांतून एकदा. फिलिउसियुसला तर पाच वर्षांतून एकदा हेही सक्तीचे वाटत नाही. मग कधी, असे विचारले तर तो ते शहाण्यांच्या निर्णयावर सोडतो.

या ठिकाणी आमचा वर्ग हमखास हसायचा. आम्ही थोडे थांबायचो, हसू ओसरू द्यायचो, आणि मग म्हणायचो, विम्याच्या हप्त्यापेक्षा देवाचा हप्ता स्वस्त आहे. पुन्हा हशा.

त्यानंतर पाद्री आंत्वान सिरमोंचे १६४१चे पुस्तक काढतो. सिरमोंचे मत असे की देवाने प्रेमाची आज्ञा केली खरी, पण आपण त्याच्या बाकीच्या आज्ञा पाळल्या की त्याचे समाधान होते. प्रेम करा यापेक्षा द्वेष करू नका एवढेच त्या आज्ञेत सक्तीचे आहे. आणि कळस होतो तो पँतरो नावाच्या जेझुइटाच्या मताने. देवावर प्रेम करण्याच्या जाचक बंधनातून सुटका झाली, हाच म्हणे येशूच्या नव्या नियमाचा जुन्या नियमावर वरचढपणा! इथे निवेदकाचा भोळेपणा गळून पडतो. तो उसळून विचारतो की देवाने जगावर प्रेम करून आपला पुत्र दिला, तो काय जगाने देवावर प्रेम करायचे राहू नये म्हणून? ही त्या दोघांची शेवटची भेट. अकराव्या पत्रापासून पास्काल थेट जेझुइटांनाच उद्देशून लिहू लागतो. थट्टा संपते आणि आरोपपत्र सुरू होते.

लेखन म्हणून हे पत्र अव्वल आहे. नऊ पत्रे दाबून ठेवलेला संताप दहाव्यात नेमक्या जागी फुटतो. द्वंद्वयुद्ध, व्याज, लाच या विषयांवर जेझुइटांची थट्टा करून झाली, पण निवेदक चिडला तो प्रेमाच्या प्रश्नावर. आणि पँतरोसारख्या मतावर तो चिडला यात आम्हाला आजही काही गैर दिसत नाही. प्रेम हे ओझे आहे आणि ते उतरवून देण्यासाठी ख्रिस्त आला, असे म्हणणारा माणूस कुठल्या धर्माविषयी बोलतो आहे हेच कळत नाही.

पण विनोद ज्या प्रश्नावरून उडी मारून पुढे जातो तो प्रश्न मागे तसाच उभा असतो. आमच्या तीन हरकती आहेत.

पहिली हरकत. ‘किती वर्षांतून एकदा’ हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, कारण आपण तो प्रियकराच्या तोंडी घालून ऐकतो. पण तो प्रियकराचा प्रश्नच नव्हे, पापनिवेदन ऐकायला बसलेल्या धर्मगुरूचा आहे. समोर गुडघे टेकून बसलेला माणूस विचारतो, मी पहिली आज्ञा मोडली का? चोरी करू नको ही आज्ञा प्रत्येक क्षणी लागू असते. पण अमुक करा अशा आज्ञेचा भंग नेमका कोणत्या क्षणी झाला म्हणायचे? आईवडिलांचा मान राखा, हे ठीक. पण झोपेत, हिशेब करताना, ताप आलेला असताना तो राखला नाही म्हणजे पाप झाले का? कॅझुइस्टांची उत्तरे ओबडधोबड आहेत, मान्य. पण आज्ञा म्हटली की सीमारेषा आलीच. प्रेमाला सीमारेषा आखणे विचित्र वाटत असेल, तर त्या विचित्रपणाचे मूळ प्रेमाची आज्ञा करण्यात आहे. पास्काल हे मूळ शोधत नाही. त्याला यादीच्या विनोदाने भागते.

दुसरी हरकत सिरमोंविषयी. सिरमोंने ते पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्यासमोर वेगळेच प्रतिपक्षी होते. शुद्ध, निरपेक्ष प्रेमातून न केलेल्या सत्कृत्याला काही मोलच नाही, असे म्हणणारे लोक. त्यांना उत्तर देताना तो विचारत होता की ज्याच्या हृदयात ऊब नाही पण जो रोज कर्तव्य करतो, त्याचे काय? हा प्रश्न आपल्या घरातला आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे करणारी सून आपण पाहिलेली असते. तिला विचारा, प्रेम आहे का? ती म्हणेल, ते मला माहीत नाही, पण आठ वाजता औषध द्यायचं असतं. सिरमों म्हणतो, हेही देव मान्य करतो. पुढे जाऊन ‘द्वेष नसला की पुरे’ असे म्हणण्यात त्याची चूक झाली, पण सुनेच्या बाजूने बोलण्यात झाली नाही.

तिसरी हरकत सगळ्यांत मोठी, कारण साक्षीदार खुद्द पास्काल आहे. त्याच्या मरणानंतर, १६७०मध्ये, त्याची टिपणे ‘पाँसे’ या नावाने छापली गेली. त्यांत तो प्रसिद्ध पैजेचा युक्तिवाद आहे. देव आहे की नाही यावर पैज लावायची. जिंकलात तर अनंत सुख, हरलात तर फारसे काही जात नाही. समोरचा म्हणतो, पटते, पण माझ्याने विश्वास ठेवला जात नाही. तेव्हा पास्काल सल्ला देतो की ज्यांचा विश्वास बसला ते जसे वागले तसे वागायला लागा. पवित्र पाणी घ्या, मिस्सा करवा. मन हळूहळू मागून येईल. आता सांगा, हे काय आहे? सुरुवात स्वतःच्या लाभाच्या आणि हानीच्या हिशेबाने, आणि पुढची वाट बाह्य आचरणाची. दहाव्या पत्रात ज्याची खिल्ली उडवली, त्याच शिडीची खालची पायरी इथे पास्काल स्वतः दाखवतो आहे.

पास्कालचा वकील म्हणेल, तो ही शिडीची सुरुवात मानतो, शेवट मानत नाही. बरोबर आहे. मग वादाचा मुद्दा बदलतो. भीतीने आणि सवयीने सुरुवात करता येते हे दोघांनाही मान्य असेल, तर सुरुवातीलाच मरण आले त्याचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

चर्चनेही हा प्रश्न नेमका याच जागी पकडला होता. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ साली पश्चात्तापाचे दोन प्रकार सांगितले. देवावरच्या प्रेमातून झालेला तो पूर्ण. पापाच्या किळसेतून किंवा नरकाच्या भीतीतून झालेला तो अपूर्ण. अपूर्ण पश्चात्तापही देवाची देणगीच आहे आणि तो पापनिवेदनाच्या संस्कारात कृपा मिळण्यासाठी माणसाला तयार करतो, असे परिषदेने म्हटले. पण नुसती भीती पुरे, की तिच्यात प्रेमाचा थोडा तरी अंश हवा? हे मोकळे सोडले. त्या मोकळ्या जागेत पुढे शंभर वर्षे हाणामारी झाली. रिशल्यू हा कार्डिनल आणि फ्रान्सचा मुख्यमंत्री. त्याच्या मते भीती पुरेशी होती. पोर रॉयालचा गुरू सँ-सिराँ म्हणायचा, प्रेमाशिवाय क्षमा नाही. १६३८ साली रिशल्यूने त्याला व्हँसेनच्या किल्ल्यात डांबले. राजकीय कारणेही होती, पण हा वादही त्यांत होता. शेवटी १६६७मध्ये पोप सातवा अलेक्झांडर याने हुकूम काढला, तो असा की दोन्ही पक्षांनी एकमेकांना पाखंडी ठरवणे बंद करावे. कोण बरोबर हे त्याने सांगितलेच नाही.

म्हणजे फार मागणारेही होते आणि फार सोडून देणारेही. फार मागणाऱ्यांचे काय झाले तेही ऐकून ठेवा. १६९७मध्ये काँब्रेचा आर्चबिशप फेनलाँ याने लिहिले की खरे प्रेम इतके निरपेक्ष असते की त्यात स्वतःच्या तारणाची आशासुद्धा मागे पडते. बोस्युए त्याच्यावर तुटून पडला आणि १६९९मध्ये रोमने त्या पुस्तकातली तेवीस विधाने दोषी ठरवली. प्रेम हवे, पण आशा जाळून टाकणारे नको. आपल्याकडच्या श्रोत्याला इथे भागवत आठवेल. कंस भयाने तरला, शिशुपाल द्वेषाने. इतके मोकळे दार ख्रिस्ती परंपरेने कधी ठेवले नाही. द्वेषाने तिथे कोणी तरत नाही. पण भयाबाबत तिला नक्की ठरवता आले नाही, हे मात्र लक्षात घ्या.

प्रॉटेस्टंटांनी मांडणीच उलटी केली. ल्यूथरला नरकाच्या भीतीचा अनुभव पुस्तकातला नव्हता, मठातल्या रात्रींचा होता. प्रेम ही अट ठेवली तर घाबरलेला माणूस आयुष्यभर आपलेच मन चाचपत बसेल, हे त्याने ओळखले. म्हणून तारण विश्वासाने, आणि प्रेम हे त्या विश्वासाचे फळ. झाडाला फळ येतेच, पण फळ आले म्हणून झाड जिवंत होत नाही. यावर कॅथलिक विचारतात, मग याकोबाच्या पत्राचे काय? तिथे तर सैतानही विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात. नुसता विश्वास त्यांच्यापाशीही आहे.

दोन्ही बाजू एका गोष्टीवर येऊन अडतात. ती लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. शिमोन नावाच्या परुश्याच्या घरी येशू जेवायला बसलेला असताना गावातली एक बदनाम बाई येते, त्याचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते. शिमोनाच्या कपाळाला आठ्या. तेव्हा येशू त्याला कोडे घालतो. एका सावकाराचे दोन ऋणको, एकाचे पाचशे दिनार, दुसऱ्याचे पन्नास. सावकाराने दोघांनाही माफ केले. त्याच्यावर जास्त प्रेम कोण करील? ज्याला जास्त माफ झाले तो, असे शिमोन म्हणतो. म्हणजे आधी क्षमा, मग प्रेम. पण लगेच पुढे येशू त्या बाईविषयी म्हणतो की तिची पुष्कळ पापे माफ झाली, कारण तिने पुष्कळ प्रेम केले. म्हणजे आधी प्रेम, मग क्षमा? आणि निरोप देताना तिला सांगतो की तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे. एका प्रसंगात तिन्ही! कॅथलिकांनी मधले वाक्य धरले, ल्यूथरच्या लोकांनी कोडे आणि निरोप धरला. त्या ‘कारण’चा अर्थ लावताना कोणी म्हणतो ते कारण आहे, कोणी म्हणतो ती खूण आहे. धूर आहे म्हणून आग आहे, तसे.

आम्हाला वाटते, हा क्रमाचा वाद त्या बाईला कळलाच नसता. ती आली तेव्हा आपल्याला माफ झाले आहे हे तिला ठाऊक होते का? गोष्ट ते सांगत नाही. तिला जवळ यायचे होते, एवढेच दिसते. येताना ती रडत होती. त्यात लाज किती, भीती किती, प्रेम किती, हे तिने वेगळे काढले नाही आणि येशूनेही काढायला सांगितले नाही.

आता त्या माणसाकडे येतो. आमचे एक सहकारी होते. वसईकडचे, कॅथलिक, गणित शिकवायचे. आमचा पास्कालचा तास त्यांच्या वर्गाला लागून असे, त्यामुळे हशा त्यांना भिंतीतून ऐकू जायचा. निवृत्तीनंतर ते आजारी पडले. भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, “सर, तीस वर्षं तुम्ही त्या पत्रावर पोरांना हसवलंत. मी मात्र त्या म्हाताऱ्या पाद्र्याच्या बाजूचा.” आम्ही हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, “वडिलांनी देवाची भीतीच शिकवली. आता रात्रभर प्रेम शोधतोय, सापडत नाही. भीतीच आहे. चालेल का हो?”

आम्ही काय केले सांगू? डॉक्टर काय म्हणतात, असे विचारले. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेतलेला माणूस, ट्रेंटची परिषद तोंडपाठ, आणि खाटेशेजारी हे एवढेच सुचले. विनोद तयार होता आणि तो काढता येत नव्हता, तेव्हा प्रथम जाणवले की आम्ही तीस वर्षे कोणाला हसत होतो.

पुढच्या भेटीत त्यांनीच सांगितले. धर्मगुरू येऊन गेले होते. प्रेम आहे का, असे त्यांनी विचारलेच नाही. विचारले की देव आत्ता या दारात आला तर तुम्ही तोंड फिरवाल का? “मी म्हटलं, नाही फादर, घाबरेन, पण फिरवणार नाही. तर म्हणाले, मग झोपा आता.”

घरी येऊन आम्ही ऑगस्टीन काढला. योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या प्रवचनांत तो दोन बायकांचा दाखला देतो. दोघीही नवऱ्याला भितात. एकीला भीती तो येईल याची, कारण तिचे मन दुसरीकडे आहे. दुसरीला भीती तो सोडून जाईल याची. भीती हा शब्द एकच, पण एकीची दारापासून पळते आणि दुसरीची दारात वाट बघत बसते. दुसऱ्या भीतीला प्रेम नाही तर काय म्हणायचे? पास्काल ऑगस्टीनचा शिष्य. हे त्याला माहीत नसणे शक्य नाही. पण दहाव्या पत्रात या दुसऱ्या बाईला जागा नाही. तिथे एका बाजूला जळते प्रेम आणि दुसऱ्या बाजूला हप्ते भरणारे भित्रे लोक. मधला माणूस, ज्याची भीती हीच त्याच्या प्रेमाची एकमेव भाषा आहे, तो विनोदात चिरडला जातो. हा या पत्राचा दोष आम्हाला शैलीचा वाटत नाही, न्यायाचा वाटतो.

तेव्हा बाई, तुमच्या चिठ्ठीला उत्तर असे. प्रेम आवश्यक आहे, पण फी म्हणून नव्हे. ख्रिस्ती विचारात तारण म्हणजे देवाच्या सहवासात असणे. ज्याला तो सहवास नकोच आहे, त्याला तो देऊनही काय होणार? त्या अर्थी प्रेमावाचून तारण हा वदतोव्याघात आहे, आणि तिथे पास्काल जिंकतो. पण हे प्रेम माणसाने कमावून गहाण टाकायचे नाही. आधी देवाने केले म्हणून आपल्याला करता येते, असे योहानाच्या पत्राचे म्हणणे आहे. इतपत तर आज भांडणारे पक्षही एकत्र आले आहेत. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लुथेरन प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण कृपेने, आपल्या पात्रतेने नव्हे, हे त्यात दोघांनीही मान्य केले. आणि सुरुवातीचे प्रेम प्रेमासारखे दिसलेच पाहिजे असे नाही. कधी ते आठ वाजताच्या औषधासारखे दिसेल, कधी भीतीसारखे. त्याची परीक्षा एकच, तोंड कोणत्या दिशेला आहे.

आमचे सहकारी त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले. त्यांना प्रेम सापडले की नाही, आम्ही विचारले नाही. दहावे पत्र आम्ही त्यानंतरही एकदा शिकवले, एका उन्हाळी वर्गात. यादी वाचली, मुले हसली. हप्त्याचा विनोद मात्र आम्ही केला नाही. थांबलो, आणि विचारले की समजा ही यादी एखादा आजारी माणूस ऐकतो आहे, तर? वर्ग जरा शांत झाला. मग एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, सर, मग त्या म्हाताऱ्या पाद्र्याचं पुढे काय झालं? पुढे काही नाही, असे आम्ही सांगितले. पास्कालने त्याला दहाव्या पत्रातच सोडून दिले.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पाठवा, या वेळी खिशात घालणार नाही.